नियमात बसलेले पाणी आणि मेलेला ओढा

आम्ही कोथरूडमध्ये राहतो. वेताळ टेकडीच्या उतारावर केळेवाडी, किष्किंधानगर, सुतारदरा, जय भवानीनगर अशा वस्त्या आहेत आणि त्यांच्या खाली सोसायट्यांचे, बंगल्यांचे, मॉलचे कोथरूड पसरले आहे. दोन्हीकडे दिवा लागतो तो एकाच विजेवर. ही वीज कोठून येते हे विचारायची सवय पुण्याला नाही. ग्रिडमध्ये पडलेली कोणती वीज कोणत्या घरात गेली हे सांगता येत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मितीचा सर्वात मोठा चुलाणा चंद्रपूरला आहे. तेथील महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे, आणि चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची उच्चदाबाची लाईन खास पश्चिम महाराष्ट्राकडे वीज ओढून आणण्यासाठी १९९० च्या दशकाच्या शेवटी टाकली गेली, हेही खरे आहे. वीज इकडे आली. कोळशाची राख, धूळ आणि खाणीतले पाणी तिकडेच राहिले.

कोथरूडला हा व्यवहार नवा नाही. आज जेथे मेट्रोचा डेपो उभा आहे, त्या वनाजजवळच्या जागेला जुनी माणसे अजून कचरा डेपो म्हणतात. कोथरूडची वस्ती वाढली, भाव वाढले, नाकाला रुमाल लागू लागला, तेव्हा कचरा उठवून उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात नेऊन टाकण्यात आला. तेथील विहिरींत कचऱ्याचा काळा निचरा उतरला आणि गावकऱ्यांच्या नशिबी टँकर आले. कोथरूड स्वच्छ झाले! ज्याच्याकडे आवाज आहे त्याची घाण ज्याच्याकडे आवाज नाही त्याच्या दारात जाऊन पडते, हा आपल्या नगररचनेचा अलिखित नियम आहे. तो आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. गावकुसाबाहेरची जागा, गावाच्या खालच्या अंगाचे पाणी आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या वाट्याला कोणी आणि का लावले, हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले आहे.

आज आम्हाला लिहायचे आहे ते खाणीच्या पाण्यावर. विषय रुक्ष वाटेल. पण त्यात एक अशी मेख आहे की जी कोळशालाही लागू पडते आणि आमच्या मुठा नदीलाही. ती मेख म्हणजे 'प्रक्रिया केलेले पाणी' हा शब्द. हा शब्द कानावर पडला की अधिकारी निश्चिंत होतो, पत्रकार पुढची बातमी शोधतो आणि नागरिकाला वाटते, चला, प्रश्न मिटला. पाण्यावर प्रक्रिया झाली म्हणजे ओढा जगला, असे मात्र अजिबात नाही.

प्रथम खाणीचे पाणी म्हणजे काय ते पाहू. जमीन खोदली की भूजल खड्ड्यात झिरपते, पावसाचे पाणी साचते. कोळसा काढायचा तर हे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराईट नावाचे लोह-गंधकाचे खनिज असते. लाखो वर्षे ते हवेपासून दूर गाडलेले होते. खाणीने ते उघडे पाडले, त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि लोह पाण्यात विरघळते. असे आम्लपाणी ओढ्यात गेले आणि थोडे सौम्य झाले की विरघळलेले लोह गेरूसारखा नारिंगी गाळ होऊन तळाच्या दगडगोट्यांवर बसते. ईशान्येकडील कोळशात गंधक जास्त आहे. मेघालयात जैंतिया टेकड्यांत उंदराच्या बिळासारख्या खाणींनी काय केले ते देशाने पाहिले. तेथील लुखा नदीचे पाणी हिवाळ्यात निळेशार होते. फोटो काढायला सुंदर, पण त्यात मासे मरतात. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये तेथील खाणकामावर बंदी घातली. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये क्सान येथे खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर आत अडकले, यावरून बंदीची किंमत कळते.

आपल्या विदर्भातील कोळसा त्या मानाने कमी गंधकाचा आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या काही खाणींतून आम्लपाणी निघाल्याच्या नोंदी आहेत, पण बहुतेक ठिकाणी पाणी आम्लधर्मी नसते. म्हणून कंपनीचे अधिकारी छाती पुढे काढून सांगतात की आमच्याकडे आम्लाचा प्रश्नच नाही. हे अर्धसत्य आहे. वर्धा खोऱ्यातील खाणींच्या पाण्यात क्षार असतात, सल्फेट असते, कठीणपणा असतो, कोळशाची आणि मातीची बारीक भुकटी असते. घुग्घुस, पद्मापूर, दुर्गापूर, लालपेठ, बल्लारपूर, सास्ती, माजरी, पलीकडे वणी, उकणी, मुंगोली ही नुसती नावे घेतली तरी नकाशावर वर्धा, एरई, झरपट आणि पैनगंगा यांच्या काठावर बोट फिरते. खाणीतले पाणी उपसायचे, टाकीत थोडा वेळ थांबवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी नाल्याला सोडून द्यायचे. बहुतेक ठिकाणी 'प्रक्रिया' म्हणतात ती एवढीच. पाणी आम्लधर्मी असेल तर त्यात चुना घालतात. चुन्याने आम्ल मरते, लोह गाळ होऊन खाली बसते. पण सल्फेट पाण्यातच राहते आणि चुन्यातले कॅल्शियम त्यात वरून भर घालते. मँगनीज काढायचे तर पाणी आणखी अल्कधर्मी करावे लागते, तो खर्च कोण करतो?

आता कायदा पाहा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने प्रदूषणाची जी व्याख्या केली आहे, तीत माणसाच्या आरोग्याबरोबर जनावरे, वनस्पती आणि पाण्यातले जीव यांच्या जीविताला व आरोग्याला होणारी हानीही येते. इतकेच नव्हे, तर 'प्रवाह' या शब्दात तूर्त कोरडा पडलेला ओढासुद्धा येतो. कायदा लिहिणाऱ्याने विचार केला होता. परंतु कोळसा खाणींसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २००० मध्ये जी मानके काढली, त्यांत पाण्याच्या नेहमीच्या तपासणीला आल्या त्या चार गोष्टी. सामू ५.५ ते ९, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमपर्यंत आणि नायट्रेट नायट्रोजन १० मिलिग्रॅमपर्यंत. दर पंधरवड्याला बाटली भरायची, चार आकडे लिहायचे, चारही रकान्यांत बसले की पाणी निर्दोष. या नेहमीच्या तपासणीत सल्फेट नाही. विरघळलेले क्षार नाहीत. आणि ज्याच्यासाठी कायदा केला तो जीव तर मुळीच नाही. कायद्याच्या व्याख्येत मासा आहे, तपासणीच्या कागदावर मासा नाही.

सर्वसाधारण सांडपाण्याच्या मानकांत एक जैविक चाचणी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनी शंभरातले नव्वद जगले पाहिजेत. चाचणी नसण्यापेक्षा बरी. पण चार दिवस तग धरणे आणि त्या ओढ्यात संसार करणे यात फरक आहे. टाकीत ठेवलेल्या माशाला अंडी घालायची नसतात, पिल्ले वाढवायची नसतात, अन्न शोधायचे नसते. ओढ्यातल्या माशाला हे सारे करावे लागते आणि त्याचे अन्न म्हणजे तळाच्या दगडांखालचे किडे. खरी गोष्ट तेथे आहे.

वाहत्या स्वच्छ ओढ्यातला दगड उलटा केला तर त्याला चिकटलेले चपटे किडे दिसतात. काहींना शेपटीकडे दोन-तीन लांब केस असतात, काही वाळूच्या कणांची नळी बांधून तीत राहतात. शास्त्रज्ञ पहिल्यांना मेफ्लाय आणि दुसऱ्यांना कॅडिसफ्लाय म्हणतात. त्यांचे बालपण सगळे पाण्यात जाते. मेफ्लायची पिल्ले शरीराच्या बाजूच्या कल्ल्यांनी श्वास घेतात आणि त्यांच्या अंगातील क्षारांचा तोल पाण्यातील क्षारांवर अवलंबून असतो. पाण्यात सल्फेट आणि कॅल्शियम भरमसाट वाढले की हा तोल सांभाळण्यातच त्यांची शक्ती खर्च होते, वाढ खुंटते आणि हळूहळू ती नाहीशी होतात. पाणी दिसायला स्वच्छ असते. सामू साडेसात असतो. अहवालात लाल शाईचा ठिपका नसतो. आणि तरीही दगडाखाली काही नसते. गेरूसारख्या गाळाने किंवा कोळशाच्या भुकटीने दगडांमधल्या फटी बुजल्या असतील तर मग विचारायलाच नको, घरच बुजले. उरतात ते चिवट कृमी, ज्यांना कशाचेच काही वाटत नाही.

अमेरिकेतील ॲपलाशियाच्या डोंगरात कोळशासाठी डोंगराचे माथे उडवून दऱ्या भरल्या, तेव्हा खालच्या ओढ्यांत नेमके हेच घडले. पाणी आम्लधर्मी नव्हते, तरी मेफ्लाय गेले. तेथील पर्यावरण खात्याने २०११ मध्ये पाण्याच्या विद्युतवाहकतेची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा सुचवली ती ३०० मायक्रोसिमेन्स. हा आकडा त्यांनी प्रयोगशाळेतल्या माशावरून नव्हे, तर ओढ्यांत प्रत्यक्ष कोणकोणते किडे उरले आहेत हे मोजून काढला. तो आकडा जसाच्या तसा वर्धा खोऱ्याला लावा असे आम्ही म्हणणार नाही. आपला खडक वेगळा, आपले पाणी मुळातच अधिक कठीण. पण पद्धत घ्यायला काय हरकत आहे? खाणीच्या वरच्या अंगाला ओढ्यात काय जगते आणि खालच्या अंगाला काय जगते, एवढे मोजायला काही परदेशी यंत्र लागत नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर आम्ही फक्त रडगाणे गातो असा आरोप होईल. वेल्समध्ये पेलेना नावाची नदी जुन्या बंद खाणींच्या लोहयुक्त पाण्याने नारिंगी झाली होती. १९९० च्या दशकात त्या पाण्याच्या वाटेवर पाणथळ तळी तयार करण्यात आली. लोह तळ्यात बसू लागले, नदीचा रंग गेला आणि ट्राऊट मासे परत आले. म्हणजे प्रक्रिया नीट केली तर नदी उभी राहते. ब्रिटनमध्ये बंद खाणींच्या पाण्याची जबाबदारी घेणारी सरकारी संस्थाच आहे. कारण खाण बंद झाली म्हणून पाणी बंद होत नाही. पंप थांबले की खाण पाण्याने भरते आणि एक दिवस कडेने वाहू लागते. पुढे किती दशके वाहील हे कोणी सांगू शकत नाही. आपल्याकडे २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी बँकेत राखीव खाते सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण त्या आराखड्यांत झाडे किती लावली याचा हिशेब मोठा असतो. खाण भरून वाहू लागल्यावर नातवाच्या काळात चुना कोण टाकणार?

चंद्रपूरचे नाव देशात कशासाठी गाजले ते विसरून चालणार नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद यांच्यानंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा होता, ८३.८८ गुणांसह. परीक्षेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. आणि हे चंद्रपूर म्हणजे कोणते? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी जेथे पुन्हा दीक्षा दिली ते चंद्रपूर. त्याच जिल्ह्यात खाणीत उतरणारा, कोळशाच्या ट्रकवर राबणारा, राखेखाली झोपणारा माणूस बहुसंख्येने दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजाचा आहे. नदीवर जगणारे ढिवर, भोई, केवट यांचे तर नावच कोणी घेत नाही. त्यांच्या जाळ्यात मरळ, शिंगाडा, वाम यायचे बंद झाले तर ते कोणत्या खात्याच्या मानकात मोजले जाते? खाणीत जमीन गेली तर निदान भरपाईचा अर्ज करता येतो. नदीतले मासे गेले तर सातबारा कोठून आणायचा?

आम्ही खाणी बंद करा म्हणत नाही. हे स्पष्टच सांगितले पाहिजे, कारण पर्यावरणाच्या नावाने बोलणारे काही सुखवस्तू लोक कामगाराच्या पोटावर पाय देऊन मोकळे होतात. आमची भूमिका ती नाही. बाबासाहेबांचीही नव्हती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी, नद्यांचा खोरेनिहाय विचार करणारा केंद्रीय जल आयोग, हे त्या काळातले काम. नदी म्हणजे पूर अडवायचा, वीज काढायची, शेती भिजवायची आणि माणूस वर आणायचा, असा तो एकसंध विचार होता. पुढे त्याच दामोदर नदीत कोळसा धुण्याच्या कारखान्यांचे काळे पाणी सुटले आणि ती देशातील अत्यंत प्रदूषित नद्यांत गणली गेली. योजना बाबासाहेबांच्या विचाराची, कारभार मात्र दुसऱ्यांच्या हाती, हे आपल्याला अनेक क्षेत्रांत दिसते.

नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटलीत भरण्याचा प्रकल्प वेस्टर्न कोलफिल्ड्सने केला. खाणीचे पाणी वीज केंद्राला आणि शेतीला देण्याच्या योजनाही जाहीर झाल्या. वाया जाणारे पाणी वापरात येत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. मनात आणले तर कंपनी खाणीचे पाणी माणसाने पिण्याइतके शुद्ध करू शकते. म्हणजे तंत्र नाही ही सबब उरत नाही. बाटलीसाठी जे जमते त्याचा काही अंश ओढ्यासाठी का जमत नाही, हे आम्हाला विचारायचे आहे. बाटली विकता येते, ओढा विकता येत नाही, याशिवाय दुसरे उत्तर असेल तर ते ऐकायला आम्ही तयार आहोत.

आता पुन्हा कोथरूडकडे येऊ, कारण आपल्या पायाखालचा ओढा न पाहता चंद्रपूरला उपदेश करणे बरे नव्हे. मुठेवर वर खडकवासला आहे. पावसाळा सरला की शहरातून वाहणाऱ्या मुठेत धरणाचे पाणी जवळपास नसते. वाहते ते सांडपाणी, काही प्रक्रिया केलेले, काही न केलेले. पुण्यात एकूण ४७७ दशलक्ष लिटर क्षमतेची मैलाशुद्धीकरण केंद्रे अनेक वर्षे होती आणि शहर त्याच्या कितीतरी पुढे गेले होते. जपानच्या अर्थसाहाय्याने आणखी ३९६ दशलक्ष लिटरची अकरा केंद्रे बांधण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. सुमारे ९९० कोटींची ही योजना किती वर्षे कागदावर रेंगाळली ते पुणेकरांना ठाऊक आहे. केंद्रे व्हायलाच हवीत. पण तेथेही गणित तेच आहे. २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांसाठी जैविक प्राणवायू मागणीची मर्यादा २० मिलिग्रॅम ठेवली, हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये ती १० वर आणण्यास सांगितले. वाद चालतो तो या आकड्यावर. शुद्धीकरणानंतर पाण्यात उरलेला अमोनिया माशाच्या कल्ल्यांना जाळतो, जंतू मारायला टाकलेला क्लोरिन जास्त झाला तर मासेही मारतो, आणि नदीत मिसळायला दुसरे ताजे पाणीच नसते. तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्याच्या नदीत चिलापी आणि जलपर्णीचे राज्य झाले तर आश्चर्य कसले?

पुण्याच्या नद्यांत काय काय होते याची नोंद मात्र आहे. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांवर लेखन केले. पुढे वाघ आणि घाटे यांनी २००३ मध्ये मुळा-मुठेतील माशांची यादी प्रसिद्ध केली. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर नदीची खरी कहाणी वाचता येते. चंद्रपूरच्या ओढ्यांसाठी अशा जुन्या याद्या कोणाकडे आहेत? तेथील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवणारी आपली किती तरी मुले-मुली आहेत. खाणीच्या वर आणि खाली, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, अशी पाहणी दरवर्षी केली तर पाच वर्षांत एवढा दस्तऐवज उभा राहील की मंडळाला डोळे उघडावे लागतील. पैशांचा प्रश्नही तितका अवघड नाही. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे खाणीतून निधी जमा होतो आणि पर्यावरण व पिण्याचे पाणी हे त्या निधीचे प्राधान्याचे विषय आहेत. तो निधी सभागृहांवर आणि कमानींवर खर्च होतो की नदीवर, हे ग्रामसभांनी माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे.

कायद्याची धारही बोथट होत आहे. २०२४ मध्ये जलप्रदूषण कायद्यात दुरुस्ती करून अनेक गुन्ह्यांसाठीची कैद काढून टाकण्यात आली आणि तेथे दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. ज्या राज्याचे विधिमंडळ ठराव करील तेथे ही दुरुस्ती लागू होते. कोळसा कंपनीला पंधरा लाख म्हणजे काय, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणून चार रकान्यांच्या त्या तक्त्यात पाचवा रकाना जिवंत ओढ्याचा आणि सहावा क्षारांचा असावा, ही मागणी कामगार संघटनांनी, मच्छीमार संस्थांनी आणि आपल्या पक्षांनी एकत्र येऊन करायची वेळ आली आहे. कामगार संघटनांचे नाव आम्ही मुद्दाम पहिले घेतले. खाणीचा पंप चालवणारा माणूसच सांगू शकतो की रात्री पाणी टाकीत थांबते की सरळ नाल्यात जाते.

दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला पुण्याहून नागपूरला जाणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातात. यंदा जाणाऱ्यांना आमची एक विनंती आहे. अर्धा दिवस काढा आणि तेथील एखाद्या मच्छीमाराला सोबत घेऊन एरईच्या किंवा तिला मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या काठाला जा. खाणीचे पाणी जेथे मिळते त्याच्या वर एकदा आणि खाली एकदा, गुडघाभर पाण्यातले दहा-दहा दगड उलटून बघा. कोणत्या दगडाखाली काय हलले ते वहीत लिहा, जागा आणि तारीख टाका आणि आमच्याकडे पाठवा. आम्ही छापू.